ब्लॅक बुक नंतर, सर्व्हर आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी पदवी, तंत्रनिकेतनाची पदविका, बीसीए, बीएस्सी आयटी अशा अभ्यासक्रमांच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प-गट सध्या ठरत आहेत. तीन-चार जणांचा गट, गाइड, विषय, सिनॉप्सिस म्हणजे प्रकल्पाची रूपरेषा आणि वर्षाअखेरीस ब्लॅक बुक म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल व व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा, हा क्रम सर्वांना पाठ आहे. यातले बरेच प्रकल्प वेबसाइटच्या रूपातले असतात. वसतिगृहाची हजेरी, ग्रंथालयाची देवघेव, दूध संकलन केंद्राचा हिशेब, दवाखान्याच्या नोंदी असे हे विषय. ज्या लॅपटॉपवर ते लिहिले जातात त्याच लॅपटॉपवर परीक्षकाला दाखवले जातात आणि निकालानंतर कुणी उघडत नाही.

आमची मागणी एवढीच आहे. प्रकल्प इंटरनेटवर चालता करणे, म्हणजे डिप्लॉयमेंट, हे पहिल्या आठवड्याचे काम मानावे आणि त्याला स्वतंत्र गुण द्यावेत. आज ते सबमिशनच्या आदल्या रात्रीवर ढकलले जाते. त्या रात्री एकाच वेळी आठ-दहा वेगवेगळ्या चुका समोर येतात, त्यांपैकी कोणती कशामुळे आली हे उमजत नाही आणि गट पुन्हा लॅपटॉपकडे वळतो. याच चुका वर्षभरात एकेक करून समोर आल्या, तर प्रत्येकीला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

पहिल्या आठवड्यात काय करावे ते नेमके सांगतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवर रेपो, म्हणजे प्रकल्पाचा कोड-संग्रह, उघडावा. फ्रंटएंडला, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाला, एकच पान ठेवावे, त्यावर प्रकल्पाचे नाव आणि एक बटन. बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाला, एकच मार्ग ठेवावा, जो डेटाबेसला विचारून आत्ताची वेळ परत पाठवेल. बटन दाबल्यावर ती वेळ पानावर दिसली पाहिजे. लॉगिन नको, डिझाइन नको. एवढेच आधी सर्व्हरवर चढवावे आणि गटातल्या प्रत्येकाने आपापल्या फोनवरून ते उघडून पाहावे. ब्राउझर, सर्व्हर आणि डेटाबेस या तीन ठिकाणांमधले सगळे सांधे या एका बटनात तपासून होतात. पुढे रेपोच्या मुख्य शाखेत बदल पुश झाला, म्हणजे पाठवला गेला, की साइट चालवणारी होस्टिंग सेवा स्वतःच नवी आवृत्ती बांधून चढवते. त्यामुळे कालपर्यंत चालणारी साइट आज बंद पडली, तर दोष आजच्याच बदलात शोधायचा, हे पक्के ठाऊक असते.

आता चुकांकडे वळू. सर्वांत जास्त गट जिथे अडकतात ती जागा म्हणजे लोकलहोस्ट, अर्थात ‘हाच संगणक’ असा पत्ता. फ्रंटएंडच्या कोडमध्ये बॅकएंडचा पत्ता ‘लोकलहोस्ट, पोर्ट ५०००’ असा थेट लिहिलेला असतो (पोर्ट म्हणजे संगणकावरच्या एकेका सेवेचा दार-क्रमांक). हा कोड पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे ‘लोकलहोस्ट’चा अर्थ पाहणाऱ्याचाच संगणक असा होतो. परीक्षकाच्या फोनवर अर्थातच कोणताही बॅकएंड चालू नसतो. यातली फसवी बाजू अशी, की विद्यार्थी आपल्याच लॅपटॉपवर लाइव्ह साइट तपासतो आणि मागे त्याचा स्वतःचा बॅकएंड चालूच असतो. साइट व्यवस्थित चालताना दिसू शकते आणि गट निर्धास्त होतो. म्हणून तपासणीची पद्धत ठरवून घ्यावी: लॅपटॉपवरचा बॅकएंड बंद, फोनचे वायफाय बंद, मोबाइल डेटावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची आणि मग साइट पाहायची.

पत्ता कोडमध्ये न लिहिता पर्यावरण चलात, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावा हे बहुतेकांना सांगितलेले असते. पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. व्हीट (Vite) हे साइट बांधण्याचे साधन वापरून केलेल्या रिॲक्ट (फ्रंटएंडची लायब्ररी) प्रकल्पात हे चल साइट बांधताना कोडमध्ये भरले जाते, चालवताना नाही. होस्टिंगच्या पानावर जाऊन चलाची किंमत (व्हॅल्यू) बदलली आणि साइट पुन्हा बांधलीच नाही, तर जुना पत्ताच चालू राहतो. शिवाय फक्त ‘VITE_’ या उपसर्गाने सुरू होणारी नावेच ब्राउझरपर्यंत पोचतात. जे ब्राउझरपर्यंत पोचले ते जगाला दिसते. म्हणून डेटाबेसचा पासवर्ड किंवा पेमेंट सेवेची गुप्त किल्ली अशा चलात कधीही ठेवू नये, ती बॅकएंडकडेच असावी.

बॅकएंडच्या बाजूला पोर्टची अडचण येते. घरी ५००० हा आकडा चालतो, पण होस्टिंग सेवा आपला पोर्ट स्वतः ठरवते आणि तो ‘पोर्ट’ नावाच्या चलातून देते. कोडने आधी ते चल वाचावे आणि ते नसेल तरच ५००० घ्यावा. काही जण सर्व्हरला १२७.०.०.१ या पत्त्यावर बांधून ठेवतात. मग बाहेरची विनंती आत येऊच शकत नाही आणि सेवा ‘पोर्ट सापडला नाही’ असे सांगून थांबते. तिथे ०.०.०.० लिहावे.

त्यानंतर कॉर्स, म्हणजे एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरून माहिती घेण्याचे ब्राउझरचे नियम. फ्रंटएंड एका पत्त्यावर आणि बॅकएंड दुसऱ्यावर असेल, तर बॅकएंडने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर उत्तर वाचू देत नाही. परवानगीच्या यादीतला पत्ता अक्षरशः जुळावा लागतो: आधी एचटीटीपीएस आहे की एचटीटीपी, मग नाव, मग पोर्ट. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी तो वेगळा पत्ता ठरतो. वैतागून सर्वांना परवानगी देणारी चांदणी (*) टाकली जाते. कुकीने, म्हणजे ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदीने, लॉगिन ठेवणाऱ्या प्रकल्पात ती चालत नाही, कारण कुकी पाठवायची असेल तर ब्राउझर चांदणी मानत नाही. कुकी दोन वेगळ्या साइटांमध्ये जाणार असेल तर तिच्यावर ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ या दोन्ही खुणा लागतात, आणि तरीही काही ब्राउझर ती अडवतात. आमचे मत असे, की विद्यार्थी प्रकल्पात बांधलेला फ्रंटएंड एक्स्प्रेस या बॅकएंड-चौकटीच्या सर्व्हरवरूनच द्यावा. दोन्हींचा पत्ता एक झाला की कॉर्स आणि कुकीचा हा सगळा गुंता सुटतो.

मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा घोळ फक्त सर्व्हरवर उघडा पडतो. विंडोजला फाइलच्या नावातले पहिले अक्षर मोठे आहे की लहान याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. फाइल ‘हेडर’ मोठ्या अक्षराने आणि इम्पोर्ट लहान अक्षराने लिहिला असेल तर घरी चालते आणि सर्व्हरवर ‘मॉड्यूल सापडले नाही’ असा संदेश येतो. विंडोजवर नुसते नाव बदलून गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) तो बदल कळत नाही, त्यासाठी गिटचीच ‘एमव्ही’ आज्ञा वापरावी. मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या तक्त्यांचेही तसेच आहे. विंडोजवर तक्त्याचे नाव लहान अक्षरांत साठते, पण कोडमध्ये ते मोठ्या अक्षराने लिहिलेले चालून जाते. लिनक्सवर तीच क्वेरी ‘तक्ता अस्तित्वात नाही’ म्हणून परत येते.

आता पॅकेजेसबद्दल, म्हणजे प्रकल्पात वापरलेल्या इतरांच्या तयार कोडबद्दल. नोडच्या, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या, पॅकेजेसचा ‘नोड मॉड्यूल्स’ हा फोल्डर गिटमध्ये टाकू नये, पेनड्राइव्हवरूनही नेऊ नये. बीक्रिप्टसारखी काही पॅकेजेस त्या त्या कार्यप्रणालीसाठी संकलित होतात. विंडोजवरची प्रत लिनक्सवर ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ असे म्हणत कोसळते. मात्र पॅकेज-लॉक ही फाइल गिटमध्ये असलीच पाहिजे आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरावे. त्याने लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या आवृत्त्याच उतरतात. नोडची आवृत्ती पॅकेज फाइलमधल्या ‘इंजिन्स’ या जागी लिहून ठेवावी, सम क्रमांकाची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी, आवृत्ती घ्यावी. गटात एकाकडे १८, दुसऱ्याकडे २२ अशी स्थिती असली तर निम्मा वेळ त्यातच जातो. नोड १८ चा आधार तर एप्रिल २०२५ मध्ये संपला आहे. आणखी एक बारकावा: सर्व्हरवर ‘प्रॉडक्शन’ ही खूण लावली की केवळ विकासासाठी नोंदलेली पॅकेजेस उतरत नाहीत. सुरू करण्याची आज्ञा ‘नोडमॉन’ने (कोड बदलताच सर्व्हर पुन्हा सुरू करणाऱ्या साधनाने) लिहिलेली असेल तर ‘नोडमॉन सापडत नाही’ असे उत्तर येते. सर्व्हरवर साध्या ‘नोड’नेच सुरुवात करावी.

डेटाबेससाठी बरेच गट मोंगोडीबी ॲटलास या ऑनलाइन डेटाबेस सेवेची मोफत श्रेणी घेतात, तिच्यात ५१२ एमबी जागा मिळते. विद्यार्थी प्रकल्पाला ती भरपूर आहे, अट एवढीच की फोटो डेटाबेसमध्ये कोंबू नयेत. जोडणी तीन कारणांनी तुटते. सर्व्हरचा आयपी पत्ता परवानगीच्या यादीत नसतो. पासवर्डमध्ये @ असतो आणि जोडणीच्या ओळीत तो तसाच लिहिला जातो, तिथे त्याच्याऐवजी टक्क्याचे चिन्ह व ४० लिहावे लागते. तिसरे कारण महाविद्यालयाच्या वायफायचे: अनेक ठिकाणी फायरवॉलने २७०१७ हा पोर्ट अडवलेला असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडणी होते आणि प्रयोगशाळेत होत नाही, असे दिसले की कोड बदलत बसू नये, फायरवॉलची चौकशी करावी.

पीएचपी भाषा आणि झॅम्पवर (लॅपटॉपवरच सर्व्हर व डेटाबेस चालवणाऱ्या संचावर) काम करणारे गट अजूनही पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. साध्या होस्टिंगवर पीएचपी चढवणे तर जास्त सोपे आहे. पण झॅम्पमध्ये ‘रूट’ हा वापरकर्ता आणि रिकामा पासवर्ड चालतो, होस्टिंगवर दोन्ही वेगळे असतात. म्हणून जोडणीचा तपशील वीस फाइलींत विखरून न ठेवता एकाच फाइलमध्ये ठेवावा आणि ती फाइल गिटबाहेर राखावी.

मराठी मजकुराविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडचे प्रकल्प आपल्याच लोकांसाठी असतात. लॅपटॉपवर नीट दिसणारी नावे सर्व्हरवर प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतात. डेटाबेस, तक्ता आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ हा अक्षरसंच असावा लागतो. पहिले दोन बरोबर ठेवून जोडणीचा विसरणे ही नेहमीची चूक आहे. पीएचपीत जोडणी झाल्याबरोबर तो संच ठरवण्याची एक ओळ लिहावी लागते. प्रश्नचिन्हे होऊन साठलेली नावे परत मिळत नाहीत, मूळ अक्षरे तिथे उरलेलीच नसतात. त्यामुळे खरा डेटा भरण्याआधी ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘अ‍ॅड.’ असे शब्द घालून पाहावेत. सर्व्हरवर तयार होणाऱ्या पीडीएफ पावत्यांचीही हीच तऱ्हा. लिनक्सच्या नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट असेलच असे नाही, तो नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन छापले जातात. नोटो सान्स देवनागरी हा मोफत फॉन्ट प्रकल्पासोबतच द्यावा. आणि पीडीएफ बनवणारी लायब्ररी जोडाक्षरे व पहिली वेलांटी योग्य जागी लावते का, तेही पाहावे. अनेक साध्या लायब्ररी ते करत नाहीत, ब्राउझरकडून छापून घेतलेली पीडीएफ मात्र ठीक येते.

वेळेचा घोळ याहून गंभीर, कारण तो दिसत नाही. बहुतेक सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतात आणि आपली वेळ त्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. दूध संकलनाचाच प्रकल्प घ्या. सकाळचे संकलन पहाटे ५ वाजता सुरू झाले तर सर्व्हरच्या दृष्टीने तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. साडेपाचपर्यंत आलेल्या प्रत्येक उत्पादकाचे दूध आदल्या तारखेला जमा होते. दहा दिवसांचे बिल असेल तर ११ तारखेच्या पहाटेचे लिटर मागच्या बिलात जातात. लॅपटॉपवर हे कधीच कळत नाही, तिथले घड्याळ भारतीय वेळेवर असते, आणि परीक्षाही दुपारी होते. नोंद यूटीसीमध्येच साठवावी, पण तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग स्पष्ट सांगावा. त्याहून चांगले म्हणजे तारीख आणि ‘सकाळ/संध्याकाळ’ हे वेगळे रकाने ठेवून नोंदवणाऱ्याला ते समोर दाखवावेत. वीज जाऊन नोंद उशिरा झाली तरी हिशेब बरोबर राहतो.

गुप्त किल्ल्यांबद्दल ताकीद द्यावीशी वाटते. ‘डॉट ईएनव्ही’ ही पर्यावरण चलांची फाइल एकदा जरी सार्वजनिक रेपोत गेली, तरी नंतर ती काढून टाकून उपयोग नसतो, गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. अशा वेळी पासवर्ड आणि किल्ली ताबडतोब बदलणे हाच उपाय. पहिल्या कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या पहिल्या नोंदीच्या, आधी ‘डॉट गिटइग्नोर’ ही वगळायच्या फाइलींची यादी लिहावी आणि नावे भरलेली पण किमती रिकाम्या असलेली नमुना फाइल रेपोत ठेवावी. तसेच प्रात्यक्षिकासाठी खऱ्या रुग्णांची, विद्यार्थ्यांची नावे, फोन क्रमांक, आधार क्रमांक वापरू नयेत. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. आपण दुसऱ्याच्या माहितीचे राखणदार आहोत, ही जाणीव नोकरी लागल्यावर येण्याची वाट पाहू नये.

खर्चाचा प्रश्न लगेच विचारला जातो. फक्त स्थिर पाने असतील तर गिटहब पेजेस मोफत आहे, पण तिथे बॅकएंड चालत नाही. रेंडरसारख्या सेवेवर बॅकएंड मोफत चालतो, मात्र १५ मिनिटे कुणी आले नाही की तो झोपतो आणि उठायला साधारण एक मिनिट घेतो. व्हायव्हाच्या पाच मिनिटे आधी पान उघडून ठेवावे, नाहीतर परीक्षकासमोर कोरे पान राहते. तिथे अपलोड केलेले फोटो सर्व्हर पुन्हा सुरू झाला की नाहीसे होतात, ते वेगळ्या साठवण सेवेत ठेवावे लागतात. तिथला मोफत पोस्टग्रेस डेटाबेस तर ३० दिवसांनी संपतो, वर्षभराच्या प्रकल्पाला तो चालणार नाही. मोफत योजना कायमच्या समजू नयेत. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांचा आधार असलेल्या हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ पासून मोफत सेवा बंद केली आणि असंख्य पत्ते एकदम मेले. डेटाबेसची प्रत दर आठवड्याला उतरवून ठेवावी.

म्हणूनच महाविद्यालयाने स्वतःचा एक सर्व्हर ठेवावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. त्यासाठी निविदा काढायची गरज नाही. प्रयोगशाळेतला ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू सर्व्हरची एलटीएस आवृत्ती, पुढे विनंत्या वाटून देणारे एन्जिनएक्स आणि मागे प्रकल्प चालू ठेवणारे पीएम२ एवढ्यावर एका वर्गाचे प्रकल्प चालतात. प्रत्येक गटाला वेगळा लिनक्स वापरकर्ता आणि ३००१ पासून पुढे एकेक पोर्ट द्यावा. कोणत्या नावाची विनंती कोणत्या पोर्टकडे जाईल ते एन्जिनएक्स पाहील. बाहेरच्या जगासाठी ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट उघडे असावेत. डेटाबेसचा पोर्ट कधीही बाहेर उघडू नये. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरवर लॉगिन, फक्त संस्थेच्या आतून आणि किल्लीनेच. एचटीटीपीएससाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र मोफत मिळते, ते ९० दिवस टिकते आणि सर्टबॉट हा प्रोग्राम त्याचे नूतनीकरण आपोआप करतो. दोन गोष्टी हमखास राहून जातात. ‘पीएम२ सेव्ह’ आणि ‘पीएम२ स्टार्टअप’ केले नसेल तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर एकही प्रकल्प उठत नाही. आणि बायोसमध्ये ‘वीज परतल्यावर आपोआप सुरू हो’ हा पर्याय निवडलेला नसेल, तर रात्री वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बटन दाबेपर्यंत सगळे बंद. यूपीएस हवाच, मायएसक्यूएल चालू असताना एकाएकी बंद होणे डेटाला चांगले नाही.

आता गुणांचे. आमच्या मते प्रकल्पाच्या एकूण गुणांपैकी किमान दहा टक्के यासाठी राखावेत आणि तपासणी कृतीतून व्हावी. परीक्षकाने आपल्या फोनवर साइट उघडावी, आतल्या एखाद्या पानावर जाऊन ते ताजे करून पाहावे. रिॲक्टचे अनेक प्रकल्प तिथेच ४०४ (‘पान सापडले नाही’) दाखवतात, कारण सर्व मार्ग मुख्य पानाकडे वळवण्याचा नियम लिहायचा राहिलेला असतो. मग प्रयोगशाळेतल्या कोऱ्या संगणकावर रेपो उतरवून फक्त ‘रीडमी’ फाइल वाचत प्रकल्प सुरू करायला गटाला सांगावे, पंधरा मिनिटे द्यावीत. रीडमीत नोडची आवृत्ती, आज्ञांचा क्रम, लागणाऱ्या चलांची नावे, नमुना डेटा भरण्याची आज्ञा आणि प्रात्यक्षिकाचे लॉगिन एवढे असले की पुरे. शेवटी एक छोटा बदल तिथल्या तिथे करायला लावावा, उदाहरणार्थ फॉर्ममध्ये एक रकाना वाढवणे, आणि तो पुश होऊन लाइव्ह साइटवर आलेला पाहावा. बाजारातून तयार विकत घेतलेल्या प्रकल्पाचा मालक इथे थांबतो. ब्लॅक बुकची शंभर पाने चाळून जे समजत नाही ते या एका बदलात समजते. स्वतः रात्री जागून काम करणाऱ्या मुलामुलींना आज त्या विकतच्या प्रकल्पाइतकेच गुण मिळतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि तंत्रशिक्षण मंडळाला नियम बदलायला वेळ लागेल. पण अंतर्गत गुणांची वाटणी अनेक विभागांत विभागप्रमुख आणि गाइडच ठरवतात. त्यांनी याच सत्रातल्या पहिल्या रिव्ह्यूला स्लाइड मागू नयेत, चालू पत्ता मागावा. त्यावर एक बटन आणि डेटाबेसमधून आलेली वेळ दिसली तरी त्या टप्प्याला तेवढे पुरेसे आहे.

आपले,
संगणक विभागांत प्रकल्प-मार्गदर्शन करणारे काही अध्यापक